शेंदराखालची तार

दसरा जवळ आला की माझी चिडचिड सुरू होते. आळेफाट्याला आमच्या घरासमोरच गॅरेज आहे. नवरात्र संपत आलं की तिथं ट्रकांची रांग लागते. बोनेटं उघडतात, पाण्याच्या पाइपनं चाकांचा चिखल धुतला जातो, झेंडूच्या माळा, लिंबं, हळदकुंकवाची बोटं. कुणीतरी वाटीत शेंदूर कालवतो आणि त्याचा वास रस्ता ओलांडून थेट माझ्या खाटेपर्यंत येतो. मी उठून खिडकी लावते. मुलगी विचारते, "अम्मी, आता काय झालं?" तिला काय सांगायचं? हा राग ती जन्मायच्या आधीचा आहे.

सणावर माझा राग नाही, हे आधीच सांगून टाकते. मी जुन्नरला मुलींच्या मराठी शाळेत मास्तरीण होते. दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढून मुलींकडून पूजा करून घेताना मला कधी परकं वाटलं नाही. आपट्याची पानं द्यायला निम्मं गाव आमच्या दारात यायचं आणि आम्ही निम्म्या गावात जायचो. माझा राग शेंदरावर नाही, झेंडूवर नाही, देवावर तर नाहीच नाही. माणसांवर आहे. वय झालं की माणूस निवतो म्हणतात. कोण निवतं कोण जाणे, मी काही निवले नाही.

माझे यजमान हुसेन हे बाबुरावांचे ड्रायव्हर. बाबुराव म्हणजे जुन्नरचे हिरड्याचे व्यापारी. मढपासून पार तिकडे भीमाशंकराच्या डोंगरापर्यंतच्या वाड्यावस्त्यांतून हिरडा गोळा व्हायचा आणि बाबुरावांच्या वखारीत येऊन पडायचा. तो काळ इंग्रजी अमलातला, दुसरी लढाई पेटायच्या जरा आधीचा. अख्ख्या जुन्नरात मोटारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यातली एक बाबुरावांची, पुण्याच्या कुठल्या साहेबाकडून घेतलेली, काळी, लांब नाकाची. वखारीच्या मागं मोटारीची शेड होती आणि शेडला लागून आमची एक खोली. मोटार आणि आम्ही एकाच भिंतीच्या दोन बाजूंना राहायचो. तिच्या पेट्रोलचा वास माझ्या भाकरीला लागायचा.

पाऊस सरला की त्या खोलीत हिरड्याचा तुरट वास भरायचा. अंगणभर हिरडा वाळत पडलेला, आधी हिरवट, मग पिवळा, मग सुरकुतलेला तपकिरी. मढकडून येणारी हवा भाताच्या कापणीची, किंचित गोडसर. सकाळी दव, दुपारी आश्विनाचं टोचरं ऊन. आजही तशी हवा सुटली की अंग सुखावतं आणि पाठोपाठ डोकं तापतं. दोन्ही एकदमच येतात, त्याला माझा इलाज नाही.

बाबुरावांच्या आईला सगळी आळी काकी म्हणायची. शेतकऱ्याच्या घरातली बाई, हाताला काम आणि तोंडाला धार. त्यांच्या घरची एक रीत होती. खंडेनवमीला अवजारं नुसती धुऊन पुजायची नाहीत. ती सुटी करायची. नांगराचा फाळ लाकडातून काढायचा, कुऱ्हाडीचं पातं दांड्यातून काढायचं, आणि जिथं एक वस्तू दुसरीला भिडते त्या जागेवर जवसाच्या तेलात कालवलेला शेंदूर भरून पुन्हा जोडायची. काकी म्हणायच्या, "वरवर टिळा लावून काय व्हतंय? अवजार मोडतं ते जोडावर. तितंच देवाला बसवायचं." लोखंड गंजायचंही नाही त्यानं. शहाणपणाचीच रीत होती ती, मी नावं ठेवत नाही.

त्या वर्षी काकींनी मोटारीलाही हीच रीत लावली. यांना हाक मारली आणि म्हणाल्या, "हुसेन, खोल तिचं काय खोलायचं ते." यांनी बोनेट उघडलं. इंजिनाच्या मागच्या पत्र्यावर एक लहानशी काळी पेटी होती. ड्रायव्हर लोक तिला कटआऊटची पेटी म्हणायचे. तिची एक तार स्क्रूनं त्याच पत्र्याला आवळलेली. काकींनी स्क्रू काढायला लावला, तारेच्या टोकाखाली बोटभर शेंदूर भरला, स्क्रूही वाटीत बुडवला आणि म्हणाल्या, "आता आवळ." यांनी आवळलं. मी वाटी धरून उभी होते. काकींनी माझ्या कपाळाकडे बघून बोट आवरलं आणि हसल्या, मीही हसले. इतकं सगळं चांगलं चाललं होतं.

कोजागरी झाली आणि मोटारीला वास यायला लागला. सडक्या अंड्यासारखा. पुढच्या बैठकीखाली बॅटरी होती, ती उकळत होती. हे रोज सकाळी तिच्यात पाणी घालायचे. साधं विहिरीचं पाणी चालत नाही म्हणून श्रावणात अंगणात धुतलेलं धोतर बांधून त्यांनी पावसाचं पाणी धरलेलं असायचं, चिनी मातीच्या बरण्यांत झाकून. त्या बरण्यांना मला हात लावायची मुभा नव्हती. एरवी वर्षभर पुरणारं ते पाणी दिवाळीच्या आतच तळाला गेलं. मग दिवे फुटायला लागले. लावला की पांढराफटक उजेड आणि टप्पकन बंद.

आणि कपडे. ॲसिड उडालं तर कापडावर काहीच दिसत नाही, ते कळतं धुताना. यांची खाकी विजार मी दगडावर आपटली आणि हातात चाळणी आली. दुसरी आपटली, तीही तशीच. मी धुणं सोडून शेडमध्ये गेले आणि यांना नाही नाही ते बोलले. घरात आम्ही आमची दखनी बोलायचो, पण रागावले की मी मराठीत यायची. हे हसून म्हणायचे, "आली का मास्तरीण!" त्या दिवशी मात्र हसले नाहीत. म्हणाले, "काय व्हतंय तेच समजंना. डायनामो नुसता ओततोय. थांबायचं नावच न्हाई."

मला त्यांनी खडूनं फरशीवर काढून समजावलं होतं, म्हणून आजही सांगू शकते. गाडी पळाली की डायनामो वीज करतो आणि बॅटरी भरतो. बॅटरी भरली की त्याला आवरायचं काम त्या काळ्या पेटीचं. पेटीनं आवरलं नाही तर डायनामो ओततच राहतो आणि बॅटरीचं पाणी उकळून जातं. समोर काचेत एक काटा असतो. बॅटरी भरली की तो मध्याकडे यायला हवा. यांचा काटा गाडी चालू असेपर्यंत एका टोकाला जाऊन चिकटलेला.

सगळे उपाय केले. आधी वाटलं बॅटरी जुनी झाली. पुण्याहून नवी आणली, तीही उकळली. मग यांनी पंख्याचा पट्टा सैल केला, म्हणजे डायनामो कमी फिरेल. डायनामो कमी फिरला खरा, पण पंखाही कमी फिरला आणि मढच्या चढाला इंजिन वाफ सोडत उभं राहिलं. शेवटी यांनी जुन्या ड्रायव्हरांची युक्ती केली. भरदिवसा मोठे दिवे लावून गाडी चालवायची, म्हणजे जास्तीची वीज दिव्यांत जळून जाते. बॅटरीला जरा आराम पडला. पण डिंभ्यापासून मढपर्यंत लोकांना करमणूक झाली. भात कापणारी माणसं विळे टाकून बांधावर यायची. "ओ हुसेनभाऊ, सूर्य दिसत न्हाई व्हय तुमाला?" "पावणं, दुपारच्याला काय हुडकताय, राव?" हे त्यांच्यासोबत हसायचे. मागच्या बैठकीवर बाबुराव बसलेले असायचे, ते हसायचे नाहीत.

आज त्या डिंभ्याला धरणाचं काम चाललंय. मागं मुलीबरोबर त्या बाजूला गेले होते. घोड नदीकाठच्या ज्या रस्त्यानं यांची मोटार दिवे लावून जायची, तो रस्ता बुडणार म्हणे. बुडू दे. मला त्या रस्त्याचं काही वाटलं नाही, पण एसटीची वाट बघत तासभर उभी राहिले तेव्हा मनातल्या मनात बाबुरावांशी भांडून झालं.

दिवाळीत बाबुरावांच्या नव्या धोतराला भोकं पडली. तेही पाडव्याला. व्याह्यांना मागं बसवून ते स्वतः पुढं बसले होते, आणि उतरताना तलम कापड व्याह्यांच्या समोरच विरलं. तिथून गाडी घसरली. वखारीच्या ओट्यावर बसून, येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकू जाईल असं ते बोलायला लागले. हुसेन बेफिकीर आहे. हुसेनचा हात जड आहे. हुसेन ॲसिड सांडतो. मग कुणीतरी जोड दिली की पूजा झाली आणि गाडी बिघडली, तेव्हा पूजेत कुणाचा हात लागला ते बघा. बाबुरावांनी त्या माणसाला गप्प केलं नाही. ते पान चघळत राहिले. मी शाळेतून घरी येताना हे माझ्या कानांनी ऐकलं. त्याच संध्याकाळी त्यांनी यांना बोलावून सांगितलं, "तुळशीचं लगीन व्हईस्तोवर बघतो. गाडी नीट झाली न्हाई तर दुसरा ड्रायव्हर. खोली बी मोकळी कर."

खोली गेली असती तर दुसरी मिळाली असती. माझी शाळा होती, उपाशी मेलो नसतो. पण जिथं मोटारीच मोजक्या, तिथं गाडी खराब करणारा अशी ख्याती झालेल्या ड्रायव्हरच्या हातात दुसरी गाडी कोण देईल? यांना दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही नकोही होतं. बोनेटवर फडकं फिरवताना ते जे गुणगुणायचे ते मी घरात कधी ऐकलं नाही. त्या आठवड्यात ते गुणगुणणं बंद पडलं. मला सगळ्यात जास्त संताप आला तो त्याचा.

पुण्याच्या मिस्त्रीनं निरोप धाडला की पेटीच बिघडली असणार. नवी पेटी आली. यांनी जुनी काढून नवी बसवली. काटा पुन्हा त्याच टोकाला. हे पायरीवर येऊन बसले. बॅटरी नवी, पेटी नवी, आजार जुनाच.

रविवार होता. मी भाकरी घेऊन शेडमध्ये गेले, तर हे नुसते बोनेटमध्ये बघत उभे. मी म्हटलं, "बघून काय होणार आहे? काहीतरी करा." ते म्हणाले, "एकट्याला न्हाई जमत. काटा तिकडं, तार हिकडं. तू बस आत. पाय दाबून धर आन काट्याकडं बघ." मी बुरखा बाजूला ठेवला आणि ड्रायव्हरच्या जागी बसले. आयुष्यात पहिल्यांदा. त्यांनी हँडल मारलं, इंजिन धडधडलं, मी पाय दाबला. इतके दिवस पोटात साठलेलं सगळं त्या पायात उतरलं असावं, कारण ते ओरडले, "अगं हळू, फुटंल इंजिन!"

"कुठं हाय काटा?"

"टोकाला."

त्यांनी एक सुटी तार घेतली. एक टोक पेटीवर धरलं आणि दुसरं इंजिनाच्या उघड्या लोखंडाला टेकवलं. माझ्या समोरचा काटा हलला आणि सावकाश मध्याकडे आला. "आला, आला, खाली आला!" मी ओरडले. त्यांनी तार उचलली. काटा पुन्हा टोकाला. टेकवली, मध्ये. उचलली, टोकाला. पाच-सहा वेळा केलं. प्रत्येक वेळी मी आतून ओरडायची आणि बाहेरून त्यांचा आवाज बारीक बारीक होत जायचा.

मी उतरून पुढं आले. पेटीची वीज गाडीच्या लोखंडातून परत फिरायला हवी. त्यासाठी ती एक तार पत्र्याला भिडलेली हवी. आणि ती तार पत्र्याला भिडलेलीच नव्हती. मध्ये शेंदूर होता. पहिले काही दिवस ओला होता तेव्हा स्क्रू कुठंतरी टेकत असेल. मग जवसाचं तेल सुकलं आणि त्याचा दगड झाला. पेटीला बॅटरी भरल्याचं कळतच नव्हतं.

"पण नवी पेटी बसवलीत तेव्हा दिसलं नाही?" मी विचारलं.

ते म्हणाले, "दिसलं की. शेंदूर व्हता. काकींच्या हातचा. त्यो मी कसा खरवडू? म्हून त्याच्यावरच बसिवली."

मी कपाळाला हात लावला. आपण हात लावला तर त्यांच्या देवाला बरं वाटणार नाही, इतका विचार या माणसानं केला होता. आणि तिकडे ओट्यावर चर्चा काय, तर पूजेत कुणाचा हात लागला. अजूनही तो क्षण आठवला की माझे कान गरम होतात.

"मी खरवडते," म्हटलं. यांनी माझा हात धरला, "आधी इचारू दे." मी ऐकलं नाही. भाकरीबरोबर कांदा चिरायला आणलेली सुरी होती, तिनं मी तो पत्रा चकचकीत होईपर्यंत खरवडला. त्यांनी मुकाट्यानं तार आवळली. काटा मध्ये येऊन शहाण्यासारखा उभा राहिला.

मग ते म्हणाले, "कुणाला बोलू नगं. म्या सांगीन तार सैल व्हती." मी म्हटलं, "सैल कुणाच्या हातून राहिली असं विचारतील." ते म्हणाले, "माझ्या म्हनंन. म्या पूजेनं गाडी बिघडली म्हनायचं व्हय? या गावात? माझ्या तोंडानं?" त्यांचं खरं होतं. त्यांच्या तोंडून ते कुणी ऐकून घेतलं नसतं. पण माझ्या तोंडाला कुणी कुलूप घातलं नव्हतं. मी बुरखा उचलला आणि हातातल्या सुरीसकट वखारीच्या वरच्या घरात काकींकडे गेले.

काकी तुळशीवृंदावन रंगवत होत्या. मी सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता, शेंदराच्या बोटापासून काट्यापर्यंत. काकींनी कुंचला खाली ठेवला. म्हणाल्या, "म्हंजी माझ्या हातनं झालं व्हय गं पोरी." मी म्हटलं, "तुम्हाला ठाऊक नव्हतं, काकी. पण आता ठाऊक झालंय. एवढं तुमच्या मुलाला सांगा. ओट्यावरच्या लोकांना त्यांनी सांगावं की हुसेनची चूक नव्हती. दुसरं काही नको." त्या म्हणाल्या, "सांगते. आजच सांगते बाबूला."

दुसऱ्या दिवशी बाबुरावांनी यांना ओट्यावर बोलावलं. चार माणसं बसली होती. मी शाळेला निघाले होते, तिथंच थांबले. बाबुराव खाकरले आणि मोठ्यानं म्हणाले, "हुसेन, तार सैल ठेवलीस तू. लई नुकसान केलंस. पण जुना माणूस हायेस. जा, माफ केलं तुला." चार माणसांनी माना डोलावल्या. मालक दिलदार, असं कुणीतरी म्हणालं. आणि माझ्या नवऱ्यानं, जो आदल्या दिवशी काटा खाली आला तेव्हा लहान मुलासारखा हसला होता, त्यानं हात जोडले.

नोकरी राहिली. खोली राहिली. तुळशीचं लग्न लागलं, मोटार मढला गेली, दिवे बंद ठेवून. बाबुरावांनी पुढं आणखी दोन गाड्या घेतल्या, त्याही यांनीच चालवल्या. आणि दरवर्षी दसऱ्याला, पाहुणे असोत, नवा नोकर असो, बाबुराव ती गोष्ट सांगायचे. हुसेननं एकदा मोटारीची कशी वाट लावली होती आणि आपण कसं माफ केलं. हे जवळच उभे असायचे. मी किती वेळा म्हटलं, एकदा तरी बोला. ते म्हणायचे, "जाऊ दे गं, मीठ खाल्लंय." माफी ज्यानं मागायची त्यानंच ती वाटत फिरावं आणि ज्याला मिळायला हवी त्यानं ती मान खाली घालून घ्यावी, हे मला कुठल्या हिशेबानं पटावं? कशानंच पटलं नाही.

माझा सगळा राग काकींवर गेला. त्यांनी मुलाला सांगितलंच नाही, देवाधर्माची बाई आणि वेळ आल्यावर गिळून बसली, असं मी धरून चालले. त्यांनी तुळशीच्या लग्नाच्या फराळाचं ताट पाठवलं, मी झाकण न उघडता परत केलं. संक्रांतीला तिळगूळ पाठवला, तोही परत. रस्त्यात समोर आल्या तर मी बोळ बदलायची. त्या एकदा शाळेच्या फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. मी मुलींना पाढे म्हणायला लावले आणि आतून दार ओढून घेतलं. काकी वारल्या तेव्हा हे खांदा द्यायला गेले. मी खोलीत भांडी घासत बसले.

यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. माझी इद्दत, म्हणजे नवरा गेल्यावर घरात काढायचे चार महिने दहा दिवस, संपल्यावर बाबुराव जुन्नरहून मुद्दाम भेटायला आले. काठी टेकत, मुलाच्या खांद्यावर हात ठेवून. मुलीनं चहा दिला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर डोळे पुसत म्हणाले, "लई गुणाचा माणूस व्हता, बाई. एकदा काय चुकला तेवढाच."

माझ्या नवऱ्याची माती अजून ओली होती. मी म्हटलं, "ते चुकले नव्हते. तारेखाली शेंदूर होता. तुमच्या आईनं भरलेला. मी त्यांना तेव्हाच सांगितलं होतं, त्यांनी तुमच्यापर्यंत येऊ दिलं नाही."

बाबुरावांनी काठीची मूठ चाचपली. म्हणाले, "सांगितलं की आईनं. त्याच सांजंला. म्होरं बसून रडली. म्हनली, चार लोकांत माझं नाव घे आन त्या पोराला मोकळं कर."

"मग?"

"मग काय, बाई. आईचं नाव बाजारात कसं घेनार? हुसेन आपलाच माणूस व्हता. त्याला काय वाटनार व्हतं?"

त्यांच्या हातात कप होता, चहा अर्धा उरलेला. मी तो काढून घेतला, मोरीत ओतला, आणि दार उघडून उभी राहिले.